बोंडअळी परत का आली?

कापसाच्या झाडाने आपले रक्षण आपणच करावे, शेतकऱ्याने पाठीवर पंप बांधून विषाचे फवारे उडवीत हिंडू नये, ही कल्पना मोठी मोहक होती. केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने २६ मार्च २००२ रोजी जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना लागवडीची परवानगी दिली आणि ही कल्पना भारताच्या काळ्या मातीत कायदेशीरपणे रुजली. पुढील दहा-बारा वर्षांत देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस ‘बीटी’ झाला. सातपुडा आणि तापी यांच्यामधल्या शिरपूर तालुक्यात आज बिगर-बीटी कापसाचे शेत मुद्दाम शोधावे लागेल. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात सुमारे पाच लाख हेक्टरांवर कापूस उभा राहतो. तोही जवळजवळ सारा याच प्रकारचा.

तरीही फवारणीचा पंप खानदेशातील घरांच्या ओसरीवरून हललेला नाही. ज्या अळ्यांच्या बंदोबस्तासाठी महाग बियाणे घेतले, त्यांपैकी शेंदरी अर्थात गुलाबी बोंडअळी २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश या तिन्ही प्रदेशांत अशी पसरली की, वरून टपोरे दिसणारे बोंड फोडावे तर आत किडकी, पिवळी पडलेली रुई निघावी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. फवारणी टळावी म्हणून जे बियाणे आणले, त्याच बियाण्याच्या शेतात फवारणीने माणसे मरावीत, याहून दारुण विसंगती कोणती?

असे का झाले, याची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. एक पक्ष म्हणतो, हे तंत्रज्ञान मुळातच फसवे होते. दुसरा पक्ष म्हणतो, तंत्रज्ञान उत्तम होते. शेतकऱ्याने नियम पाळले नाहीत. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. परंतु दोन्ही उत्तरे मूळ दुखण्यापर्यंत पोहोचत नाहीत. बीटी प्रथिनाला अळी बळी पडते, ही अळीची दुर्बलता म्हणजे साऱ्या शिवाराची सामाईक ठेव होती. ती ज्याने त्याने खर्च केली. तिची राखण करण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती.

जिवाणूचे देणे

‘बीटी’ हे एका जिवाणूच्या नावाचे संक्षिप्त रूप आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस असे त्याचे पूर्ण नाव. जपानमध्ये इशिवाता या शास्त्रज्ञाला १९०१ मध्ये रेशमाच्या किड्यांच्या रोगाचा शोध घेताना तो आढळला. पुढे १९११ मध्ये जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतात बर्लिनर यांना तो पिठातील पतंगाच्या अळीत सापडला आणि त्या प्रांतावरून त्याला नाव मिळाले. हा जिवाणू एका प्रथिनाचे स्फटिक बनवितो. अळीच्या अन्नमार्गातील रस अल्कधर्मी असतो. त्यात हे प्रथिन विरघळते, आतड्याच्या आवरणाला चिकटते आणि त्याला छिद्रे पाडते. अळीचे खाणे थांबते आणि काही दिवसांत ती मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते आणि त्याच्या आतड्यात हे प्रथिन चिकटण्याची जागाही नसते. म्हणूनच या जिवाणूची भुकटी फ्रान्समध्ये १९३८ पासून कीटकनाशक म्हणून विकली जात होती.

भुकटी उन्हाने निकामी होते, पावसाने धुऊन जाते. मग प्रथिन बनविण्याचा आदेश ज्या जनुकात लिहिलेला आहे, ते जनुकच झाडाच्या पेशीत घातले तर? बेल्जियममधील घेंट येथील शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या झाडावर हा प्रयोग यशस्वी केला आणि १९८७ मध्ये तो जगापुढे मांडला. निसर्गात वनस्पतीच्या पेशीत आपली जनुके घुसविणारा ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा एक मातीतला जिवाणू आहे. या कामी त्याचाच वाहक म्हणून उपयोग झाला. १९९६ मध्ये अमेरिकेत असा कापूस शेतात आला आणि सहा वर्षांनी तो भारतात पोहोचला. त्याआधीच, २००१ मध्ये, गुजरातेत परवानगीवाचून पेरलेला बीटी कापूस उघडकीस आला होता, ही गोष्टही या इतिहासाचाच भाग आहे.

आरंभीचे यश खोटे नव्हते. २००२ पूर्वी देशात वापरल्या जाणाऱ्या एकूण कीटकनाशकांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या कापसावर पडत असत. अमेरिकन बोंडअळी, म्हणजे हरभऱ्यावरची परिचित घाटेअळी, कोणत्याच औषधाला जुमानेनाशी झाली होती. बीटी कापसाने तिला आवर घातला आणि बोंडअळ्यांसाठीच्या फवारण्या पहिली काही वर्षे झपाट्याने घटल्या. देशाची रुईची उत्पादकता २००१-०२ मध्ये हेक्टरी ३०८ किलो होती. ती २००७-०८ मध्ये ५५४ किलोंवर गेली. या वाढीत गुजरातेतील सिंचनाचा, नव्या संकरित वाणांचा आणि चांगल्या पावसाचाही वाटा होता. परंतु बीटीचा वाटा नव्हताच, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. त्यानंतर मात्र उत्पादकतेत फारशी वाढ झाली नाही.

पान राखले, बोंड उघडे

झाडाच्या सर्व भागांत हे प्रथिन सारख्या प्रमाणात तयार होत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील केशव क्रांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बीटी वाणांची तपासणी करून २००५ मध्ये दाखवून दिले की, प्रथिन सर्वांत अधिक पानांत असते, पाते व बोंडांत कमी, आणि फुलातील बीजकोशात व बोंडाच्या सालीत सर्वांत कमी. शिवाय झाडाचे वय वाढेल तसे ते घटत जाते. शंभर-सव्वाशे दिवसांनंतर त्याचा धाक उरत नाही. पाने खाणाऱ्या अळीपुढे झाडाने तटबंदी उभारली खरी. परंतु जी अळी पानाला तोंडही लावीत नाही, थेट बोंडात शिरून सरकी खाते, तिच्यासाठी मागचे दार किलकिले राहिले.

शेंदरी बोंडअळी नेमकी तशी आहे. ती या भूमीची जुनी रहिवासी. १८४३ मध्ये सॉन्डर्स या इंग्रज कीटकतज्ज्ञाने तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते भडोचहून पाठविलेल्या नमुन्यांवरून. अंड्यातून निघालेली अळी अल्पावधीत बोंडात शिरते आणि तिच्या प्रवेशाचे छिद्र बुजून जाते. मग बाहेरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तिची दुसरी खोड अधिक महत्त्वाची. घाटेअळीला तूर, हरभरा, टोमॅटो असे अनेक पर्याय असतात. शेंदरी अळी मात्र जवळजवळ केवळ कापसावर जगते. घाटेअळीच्या पुष्कळशा पिढ्या बीटीचा संपर्क न येता इतर पिकांवर वाढतात. शेंदरी अळीला, सारे शिवार बीटी झाले की, सुटकेची जागा उरत नाही. ज्या अळ्या विषाला पुरून उरतात त्याच जगतात, आणि पुढची पिढी त्यांचीच होते.

आश्रयाच्या ओळी

हा धोका शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हता असे नाही. म्हणूनच परवानगीबरोबर अट होती की, बीटी पिकाभोवती बिगर-बीटी कापसाच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढी लागवड करावी. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट त्यासाठीच दिले जाई. दहावीच्या वर्गात मेंडेलचे वाटाणे शिकलेल्या विद्यार्थ्याला यामागचे तर्कशास्त्र सहज उमगेल. विषाला न जुमानण्याचा गुण बहुतांशी अप्रभावी असतो. बीटी शेतात एखादा प्रतिकारक पतंग उरला आणि त्याची गाठ आश्रयाच्या ओळींतून आलेल्या साध्या पतंगांशी पडली, तर त्यांची संतती विषाला बळी पडते. अशा रीतीने प्रतिकाराचा गुण लोकसंख्येत विरघळून जातो. आश्रयाच्या ओळी नसल्या तर प्रतिकारक पतंगाची जोडी प्रतिकारकाशीच जमते.

या ओळी लावल्या गेल्या नाहीत, हे सर्वज्ञात आहे. दुकानातून बाहेर पडताच कित्येकांनी ते छोटे पाकीट फेकून दिले. त्या पाकिटातील बियाण्याच्या प्रतीबद्दलही तक्रारी होत्या. परंतु याबद्दल शेतकऱ्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहावा. ज्याची जमीन तीन एकर आहे, ज्याने सोसायटीचे किंवा सावकाराचे कर्ज काढून बियाणे घेतले आहे, त्याने आपल्या जमिनीचा पाचवा हिस्सा अळ्यांना खाऊ घालण्यासाठी सोडावयाचा. त्याचा लाभ काय? दहा वर्षांनी कदाचित अळी बीटीला बळी पडत राहील. आणि शेजाऱ्याने ओळी लावल्या नाहीत तर तोही लाभ नाही. कारण पतंगाला बांध कळत नाही. नुकसान आजचे आणि एकट्याचे; लाभ उद्याचा आणि सर्वांचा. अशा व्यवहारात एकट्या माणसाने कसे वागावे, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

परिणाम लवकरच दिसला. गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत शेंदरी अळी पहिल्या बीटी जनुकाला दाद देत नाही, असे २०१० मध्ये खुद्द कंपनीनेच जाहीर केले. तोपर्यंत दोन जनुकांचे दुसरे वाण बाजारात होते. त्याला २००६ मध्ये परवानगी मिळाली होती. २०१४-१५ पासून गुजरातेत त्याचीही तीच गत होऊ लागली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राची पाळी आली. तात्पर्य, दुसरे कुलूप बसविले, पण पहिले ज्या रीतीने निकामी झाले ती रीत बदलली नाही.

संकराचा पेच

भारतात बीटी जनुक आले ते संकरित वाणांतून, आणि कापसाच्या इतर मोठ्या देशांत ते बहुतांशी सरळ वाणांतून गेले. हा फरक निर्णायक ठरला. संकरित वाणाचे बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते. साहजिकच कंपन्यांना त्यात रस होता. आरंभी ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपये आणि त्याहून अधिक मोजावे लागत. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारीविरोधी आयोगाकडे दाद मागितल्यानंतर ती किंमत ७५० रुपयांच्या घरात आली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतंत्र कायदा केला आणि २०१५ च्या अखेरीस केंद्रानेही किंमत-नियंत्रणाचा आदेश काढला. किमतीचा प्रश्न अशा रीतीने बराचसा हाती आला, जीवशास्त्राचा राहिला.

संकरित झाडात बीटी जनुक एकाच जनकाकडून येते. त्यामुळे एका जनुकाच्या वाणात, एकाच बोंडातील चार सरक्यांपैकी सरासरी एक सरकी बिनविषारी असते. अळीला एका घासात विष तर दुसऱ्या घासात निव्वळ अन्न मिळते. प्रतिकारशक्ती वाढविण्याची याहून चांगली तालीम कोणती? शिवाय आपले संकरित वाण सहा-सहा महिने आणि त्याहूनही अधिक काळ शेतात उभे राहतात. तापीकाठच्या बागायतदारांकडे ठिबकवर मे महिन्यातच पूर्वहंगामी लागवड होते. कोरडवाहू शेतकरी जूनच्या पावसाची वाट पाहतो. त्यातच पहिली वेचणी संपल्यावर पाणी देऊन फरदड घेण्याची चाल आहे. अशा प्रकारे मे ते मार्च असे जवळजवळ सारे वर्ष एका ना एका शेतात कापूस उभा असतो आणि अळीला उपवासाचे दिवसच उरत नाहीत. हंगाम संपल्यावर सरपणासाठी बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत आणि जिनिंगच्या आवारातील कापसात ती सुप्तावस्थेत राहते, ते पुढील लागवडीची वाट पाहत.

मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर तर बीटी प्रथिनाचा काहीच परिणाम होत नाही. घाईने बाजारात आलेल्या शेकडो संकरित वाणांपैकी अनेक या किडींना हळवे निघाले. पानांवर दाट लव असलेल्या जाती तुडतुड्यांना दूर ठेवतात, हे जुने ज्ञान होते. देशी कापूसही रसशोषक किडींपुढे पुष्कळ काटक होता. बोंडअळीसाठी वाचलेली फवारणी अशा रीतीने रसशोषक किडींवर खर्ची पडू लागली.

सार्वजनिक संस्थांनी याला पर्याय देण्याचा यत्न केला नाही असे नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या ‘बिकानेरी नरमा’ या सरळ बीटी वाणाला २००८ मध्ये मान्यता मिळाली. त्याचे बियाणे शेतकऱ्याला घरचे ठेवता आले असते. परंतु त्या बियाण्यात खासगी कंपनीच्या जनुकाची भेसळ आढळली आणि ते मागे घ्यावे लागले. सार्वजनिक संशोधनाच्या प्रतिष्ठेला तो मोठा धक्का होता. आणि त्याची किंमत त्या संस्थेपेक्षा शेतकऱ्याने अधिक मोजली.

इतरत्र काय घडले

हीच अळी, हेच जनुक. तथापि अमेरिकेत निराळे घडले. ॲरिझोना राज्यात आश्रयाच्या लागवडीचा नियम आरंभापासून पाळला गेला. २००६ पासून त्याच्या जागी कारखान्यात वाढविलेले वंध्य पतंग विमानातून सोडण्यात आले. अखेर २०१८ मध्ये तेथील कृषी खात्याने आपल्या कापसातून शेंदरी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. चीनमध्ये यांगत्सीच्या खोऱ्यात तर गंमतच झाली. बियाण्याचा खर्च वाचावा म्हणून तेथे संकरित बियाण्याची दुसरी पिढी पेरली जाऊ लागली. त्या पिढीतील सुमारे चौथा हिस्सा झाडे बिगर-बीटी निघतात. कोणी न ठरविता शेतातच आश्रय तयार झाला आणि अळीचा वाढू लागलेला प्रतिकार मागे फिरला.

या दोन उदाहरणांवरून एवढे निश्चित दिसते की, जनुक शक्तिहीन नव्हते. आणि तिसरे उदाहरण आपल्याच देशातले आहे. १९८० च्या सुमारास पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे आली, तेव्हाही ती रामबाण मानली गेली. १९८७ मध्ये आंध्रातील गुंटूर भागात अमेरिकन बोंडअळी त्यांना पुरून उरली. त्यावेळी जनुकीय बियाणे नव्हते. तरी गोष्ट हीच होती. एकच शस्त्र, सर्वत्र, सदासर्वकाळ वापरले की ते बोथट होते.

गायरानाचा न्याय

प्रत्येक गावाला पूर्वी गायरान असे. कोणाची किती गुरे कधी चरावीत, याचे अलिखित नियम असत. ते नियम मोडले तेथे गायराने उजाड झाली. अळीची दुर्बलता हे असेच एक गायरान आहे. बीटीचे प्रत्येक शेत त्यावर थोडे चरते. ते राखावयाचे तर ‘पाकिटावरील सूचना वाचा’ एवढे सांगून भागत नाही. गावाने, तालुक्याने आणि शासनाने मिळून राखणदार नेमावा लागतो.

शिरपूरला हा विचार नवा वाटू नये. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली या तालुक्यात नाले खोल व रुंद करून पाणी जिरविण्याचे जे काम झाले, त्याने ‘शिरपूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर पोहोचविले. त्या कामाचे मर्म यंत्रसामग्रीत नाही. पाणी एकाच्या बांधापाशी थांबत नाही. नाल्यात जिरलेले पाणी कोणाच्याही विहिरीला लागते, म्हणून विचार शिवाराचा करावा लागतो, हे त्याचे मर्म आहे. पतंगही बांधापाशी थांबत नाही. तो मध्य प्रदेशच्या सीमेवरही थांबत नाही. शिरपूरहून सेंधव्याला कापूस जितक्या सहज जातो, तितक्याच सहज अळीही जाते.

करावयाचे काय, हे कृषी विद्यापीठे आणि कृषी खाते अनेक वर्षे सांगत आहेत. १ जूनपूर्वी लागवड करू नये. दीडशे दिवसांत हाती येणारे वाण निवडावेत. लागवडीनंतर दीड महिन्याने कामगंध सापळे लावावेत आणि एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले तरच औषधाचा विचार करावा. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्यात. डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे, फरदड घेऊ नये, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत. यांतील एकही उपाय महाग नाही. परंतु यांतील एकही उपाय एकट्याने करून फारसा उपयोग नाही. शेजारी फरदड ठेवतो म्हणून आपणही ठेवावी, हा तोटा वाटून घेण्याचा प्रकार झाला. आता बिगर-बीटी बियाणे मुख्य पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली आहे, ती योग्यच; परंतु ती दीड दशक उशिरा आली.

पुढचे पाकीट

हा प्रश्न मागच्या चुकांची उजळणी म्हणून पाहावयाचा नाही. मक्याची पाने फस्त करणारी अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात शिरली आणि खानदेशातील मक्यालाही तिने सोडले नाही. बीटी मक्याची मागणी त्यामुळे पुढे येणारच. ब्राझीलमध्ये त्याच अळीने अशा मक्याच्या एका जनुकावर मात केली आहे, हे त्यावेळी ध्यानात असावे. वांग्याचे उदाहरण तर खानदेशच्या घरातले. फळे पोखरणाऱ्या अळीविरुद्धच्या बीटी वांग्याला समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये मान्यता दिली आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तिला स्थगिती दिली. बांगलादेशने २०१३ मध्ये तेच वांगे स्वीकारले. ज्या प्रदेशाच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याने या प्रश्नावर आपले मत अभ्यासपूर्वक बनवावयास हवे. दुसरीकडे, तणनाशक सहन करणारे, कोणतीही मान्यता नसलेले ‘चोर बीटी’ बियाणे सीमेपलीकडून येते, पावतीवाचून विकले जाते. ज्या बियाण्याची नोंदच नाही, त्याच्याबाबत आश्रयाचे नियम कोण आणि कोणाला सांगणार?

म्हणून नव्या जनुकाला ‘हो’ की ‘नाही’ एवढ्यावर वाद थांबू नये. परवानगीपूर्वी तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. सरळ वाणांतून ते जनुक शेतकऱ्याला मिळणार की नाही? प्रतिकार वाढतो आहे काय याची दर वर्षी, तालुकावार तपासणी कोण करणार आणि तिचे निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध होणार की नाही? आणि नियम पाळणाऱ्या गावाला त्याचा मोबदला, निदान पीकविम्यात सवलत, मिळणार की नाही? विक्रीवर शुल्क घेणाऱ्या कंपन्यांनी या राखणीचा खर्च उचलावा, हे ओघानेच आले.

शहरात नोकरी करणाऱ्या खानदेशी कुटुंबांपैकी किती तरी घरांचा एक पाय अजून शेतात आहे. पगारातून गावी गेलेला पैसा बियाण्याच्या पाकिटात आणि औषधाच्या बाटलीत जातो. या मंडळींनी दिवाळीला गावी गेल्यावर कापसाचा भाव विचारावा, तसाच पऱ्हाटी कधी निघणार हेही विचारावे. शाळेतील विज्ञानशिक्षकाला मेंडेलचा नियम समजावण्यासाठी शाळेमागच्या शेतातील बोंडाहून उत्तम साधन मिळणार नाही. डिसेंबरअखेर शिवार मोकळे करण्याचा ठराव एका ग्रामसभेने केला तर त्याचा लाभ अल्प. तापीच्या दोन्ही तीरांवरील शंभर गावांनी केला तर पुढील जूनमध्ये उगवणाऱ्या पतंगांची संख्या निश्चित घटेल. विज्ञानाने आपले काम बरेचसे केले आहे. राहिलेले काम प्रयोगशाळेत होणारे नाही. ते ग्रामसभेत, तालुक्याच्या कचेरीत आणि शिवारात व्हावयाचे आहे.